बावचीचं तेल आणि आईचा गाल

आजचा एपिसोड स्किनकेअरवर आहे. हो, माझ्याकडून. कोड लिहिणारा, अठ्ठाविशीतला, तीन दिवस तोच टीशर्ट घालणारा माणूस तुम्हाला सीरमबद्दल काय सांगणार, असं वाटत असेल तर बरोबर आहे. मलाही काही कळत नव्हतं. त्यामुळेच घोळ झाला.

मागच्या वर्षीची गोष्ट. एप्रिल संपत आला होता, मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न होतं. आई साताऱ्याला असते, शाळेत शिकवते, वय छप्पन्न. फोनवर सहज म्हणाली, "फोटोत चेहरा फार थकलेला दिसतो रे आता." झालं. मी त्याच रात्री एक रील पाहिली. 'नॅचरल रेटिनॉल', बियांपासून, साइड इफेक्ट नाही, आपल्या आयुर्वेदातलं. दोन मिनिटांत ऑर्डर दिली. बाटलीवर लिहिलेलं होतं, '१०० टक्के शुद्ध बाकुची तेल'. सकाळ-संध्याकाळ चेहऱ्याला लावा. तीनशे की साडेतीनशे रुपये. आईसाठी काहीतरी केल्याचं समाधान त्याहून स्वस्तात मिळत नाही.

परीक्षा संपल्या होत्या आणि घरी वाळवणं चालू होती. आई सकाळी सात वाजता ते तेल लावायची, साडेनऊला कुरडयांचा चीक आणि सोऱ्या घेऊन गच्चीवर. साताऱ्याचं एप्रिलचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाल चरचरायला लागले. चौथ्या दिवशी डाव्या गालावर फोड. आणि जबड्यावरून मानेपर्यंत एक लाल पट्टा, बरोबर तेलाचा ओघळ गेला असेल तसा. बाबांनी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मी स्टँडअपमध्ये होतो. कॅमेरा बंद करून बाहेर आलो. आईचा चेहरा बघून पोटात गोळा आला.

तिकडच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काकू, तोंडाला काय लावलं होतं?" आईने पर्समधून बाटली काढून दाखवली आणि वर कौतुकाने सांगितलं, "मुलाने पुण्याहून पाठवलंय." डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "हे कोडाच्या डागावर लावायला देतात. तेसुद्धा जेवढ्यास तेवढं, आणि ऊन मिनिटं मोजून. तुम्ही अख्ख्या चेहऱ्याला लावून गच्चीवर बसलात?"

मी कुठलीही लायब्ररी प्रोजेक्टमध्ये घेताना डॉक्युमेंटेशन वाचतो, उघडे इश्यू बघतो. आईच्या चेहऱ्यावर लावायच्या गोष्टीचं लेबलसुद्धा वाचलं नव्हतं. मग अपराधीपणातून जे वाचन झालं, ते आज तुमच्यापुढे ठेवतोय.

तर बाकुची म्हणजे आपली बावची. शास्त्रीय नाव सोरालिया कोरिलिफोलिया. नवीन पुस्तकांत क्युलेन कोरिलिफोलियम असंही दिसेल, झाड तेच. शेंगावर्गातलं, निळसर जांभळ्या बारीक फुलांचं. मी मुद्दाम रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन बिया आणल्या. काळपट, मुगापेक्षा लहान, चपट्या, हातात घेतल्या की किंचित चिकट लागतात आणि उग्र वास येतो. दुकानदार काकांनी पुडी बांधता बांधता विचारलं, "कोडासाठी का? वैद्यांनी दिलंय ना लिहून?" म्हणजे बघा, पुडी बांधणाऱ्या माणसाला जे माहीत होतं ते पन्नास हजार लाइकवाल्या रीलला माहीत नव्हतं. किंवा माहीत असून सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्याची गोष्ट. या एका बीमध्ये दोन वेगळ्या प्रकारची रसायनं आहेत, आणि सगळा गोंधळ या दोघांना एक समजण्यातून होतो.

पहिलं, सोरालेन. नावच झाडाच्या नावावरून पडलंय. सोरालेन आणि त्याचे भाऊबंद त्वचेच्या पेशींत जातात आणि डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये जाऊन बसतात. अंधारात ते फारसं काही करत नाहीत. पण त्यांच्यावर उन्हातले यूव्हीए किरण पडले की ते डीएनएच्या दोन्ही बाजूंना घट्ट चिकटतात, जणू शिडीच्या दोन्ही दांड्या एकमेकींना वेल्डिंग करून टाकाव्यात. पेशी मरते, त्वचा भाजते, फोड येतात. हे लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी फुलतं, म्हणून आपल्याला संबंध लागत नाही. आईला पहिल्या दिवशी काही झालं नाही, ते यामुळेच. आणि फोड गेल्यावर त्या जागी रंगद्रव्य जास्त तयार होतं, म्हणून काळा डाग राहतो.

हाच परिणाम औषध म्हणून मोजूनमापून वापरला तर कोडाच्या पांढऱ्या डागावर रंग परत आणायला मदत होते. आपल्या वैद्यांनी श्वित्रावर बावची दिली आणि उन्हात बसायला सांगितलं, त्यामागे हे गणित आहे. नाईलच्या काठी उगवणाऱ्या वेगळ्याच एका वनस्पतीतली सोरालेनच्या कुळातली औषधं घेऊन इजिप्तमध्ये एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात कोडावर काम केलं. १९७४ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी सोरालेन अधिक यूव्हीए अशी उपचारपद्धत पुढे आली. तिला पुवा म्हणतात. दवाखान्यात किरणांचा डोस मशिनवर मोजून देतात, डोळ्यांना चष्मा घालतात. आणि आम्ही ते गच्चीवर, सोऱ्या हातात घेऊन, डोस न मोजता करून टाकलं.

दुसरं रसायन म्हणजे बाकुचिऑल. रीलमधली सगळी स्तुती खरं तर याची असते. आणि इथे मला आवडलेला भाग येतो, म्हणून जरा रेंगाळतो.

मी कोथरूडला राहतो, ऑफिस बाणेरला. रोज बाईकवरून पाषाण रोडने जातो. तिथे डाव्या-उजव्या बाजूला सरकारी संशोधन संस्थांच्या लांबलचक भिंती आहेत, त्यात एनसीएल आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५० सालची. पाच वर्षं मी त्या भिंतीकडे फक्त सिग्नलला थांबल्यावर बघितलंय. तर १९६६ साली याच एनसीएलमधून गोवर्धन मेहता, यू. रामदास नायक आणि सुख देव या तिघांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला: बावचीच्या बियांतून एक नवीन रेणू वेगळा काढलाय, त्याला बाकुचिऑल म्हणू या. सुख देव हे त्या काळातलं वनस्पतींमधल्या रसायनांचं मोठं नाव. मेहता त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी, जे पुढे बंगळुरूच्या आयआयएससीचे संचालक झाले. आज जगभरातल्या दुकानांत हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या सीरमच्या मागचा रेणू पहिल्यांदा पुण्यात बाटलीत उतरला. त्या तिघांचा सुरकुत्यांशी काही संबंध नव्हता. बीमध्ये काय आहे, त्याची रचना कशी आहे, एवढीच उत्सुकता.

सौंदर्यप्रसाधनांत तो यायला चाळीसेक वर्षं गेली. २०१४ मध्ये एक पेपर आला ज्यात त्वचेच्या नमुन्यावर बाकुचिऑल आणि रेटिनॉल दोन्ही लावून कुठली जनुकं चालू होतात, कुठली बंद, याची तुलना केली. नकाशे बरेच सारखे निघाले. गंमत म्हणजे दोन्ही रेणू दिसायला अजिबात सारखे नाहीत. रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्व, आणि बाकुचिऑलचा अ जीवनसत्त्वाशी काहीही नातेसंबंध नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड पूर्ण वेगळा, लॉग मात्र सारखे दिसतात. म्हणून 'नैसर्गिक रेटिनॉल' हा शब्द चुकीचा आहे, 'रेटिनॉलसारखं वागणारं काहीतरी' एवढंच म्हणता येईल. आणि हो, तो पेपर लिहिणाऱ्यांचा हा घटक विकणाऱ्या कंपनीशी संबंध होता. त्याने पेपर खोटा ठरत नाही, पण वाचताना लक्षात ठेवायचं.

मग २०१८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजीत ती चाचणी आली जी प्रत्येक जाहिरातीत फिरते. ४४ माणसं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटली. एका गटाने ०.५ टक्के बाकुचिऑलचं क्रीम दिवसातून दोनदा लावलं, दुसऱ्याने ०.५ टक्के रेटिनॉलचं क्रीम दिवसातून एकदा. १२ आठवडे. चेहऱ्याचे फोटो काढून मशिनने सुरकुत्यांचं क्षेत्रफळ आणि काळसर डाग मोजले. दोन्ही गटांत सुधारणा झाली, आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. रेटिनॉलवाल्यांना मात्र पापुद्रे निघणं, चुणचुणणं जास्त झालं.

ऐकायला एकदम भारी. पण जरा थांबा. आमच्याकडे कुणी बटणाचा रंग बदलायलासुद्धा ४४ युजरवर टेस्ट करून निकाल आणला, तर आमची मॅनेजर त्याला जागेवर परत पाठवेल. लहान चाचणीत 'फरक सापडला नाही' याचा अर्थ 'दोन्ही सारखेच आहेत' असा होत नाही. फरक असला तरी पकडायला माणसं कमी पडली, असंही असू शकतं. शिवाय तिसरा गट नव्हता, ज्याने नुसतं साधं क्रीम लावलं असतं. रोज दोनदा कुठलंही बरं क्रीम लावलं तरी कोरडी त्वचा टवटवीत दिसते, बारीक रेषा कमी दिसतात. मग त्यातलं बाकुचिऑलचं श्रेय किती? त्या चाचणीतून हे वेगळं काढता येत नाही.

माझं मत विचाराल तर बाकुचिऑल हा बरा उमेदवार आहे. पण 'रेटिनॉलची सुट्टी' वगैरे म्हणण्याइतका पुरावा नाही. सुरकुत्यांवर सर्वांत जुना आणि भक्कम पुरावा आजही ट्रेटिनॉइनचा आहे. त्यावर १९८० च्या दशकापासून चाचण्या आहेत, आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं औषध आहे. ज्यांना रेटिनॉलने चेहरा सोलल्यासारखा होतो त्यांना बाकुचिऑल करून बघायला हरकत नाही, पण तेही आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून. कारण बाकुचिऑलची अ‍ॅलर्जी आलेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. 'गरोदरपणात सुरक्षित' असंही बिनधास्त छापतात. रेटिनॉल नाही म्हणजे सुरक्षित, हा अर्धाच तर्क झाला. तिथे आपल्या डॉक्टरांना विचारा, इन्फ्लुएन्सरला नाही. मलाही नाही.

आता परत आईच्या बाटलीकडे. त्यात काय होतं? बियांचं तेल. आख्खं. म्हणजे बाकुचिऑल आलं, आणि त्याच्याबरोबर सोरालेनची मंडळीही आली. चांगल्या सीरममध्ये जे वापरतात ते शुद्ध केलेलं बाकुचिऑल, ज्यातून सोरालेन काढून टाकलेलं असतं. दोन्ही बाटल्यांवर फोटो त्याच जांभळ्या फुलाचा, दोन्हींवर 'बाकुची' ठळक. एक आंब्याचा रस आणि दुसरी कोय, सालं, चीक सगळं एकत्र वाटलेलं, असा फरक आहे. कैरीचा चीक ओठाला लागून ज्यांची कातडी गेलीय त्यांना समजेल.

म्हणून लेबल वाचायची सवय. मी आता दुकानात उभा राहून वाचतो, मित्र हसतात. पुढच्या बाजूचं मोठं नाव सोडून द्यायचं, मागची बारीक अक्षरातली घटकांची यादी बघायची. तिथे नुसतं 'बाकुचिऑल' असं लिहिलेलं असेल तर तो वेगळा काढलेला रेणू. 'सोरालिया कोरिलिफोलिया सीड ऑइल' किंवा 'सीड एक्स्ट्रॅक्ट' असेल तर ते बियांचं तेल किंवा अर्क, त्यात काय काय उतरलंय ते कंपनीने सांगितलं तरच कळणार. कंपनीला सरळ मेल करा: सोरालेन तपासलंय का, रिपोर्ट दाखवा. मी तीन कंपन्यांना विचारलं. एकीने रिपोर्ट पाठवला, एकीने 'आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के नैसर्गिक आहे' असं उत्तर दिलं, तिसरी अजून विचार करतेय. सोरालेनसुद्धा शंभर टक्के नैसर्गिकच आहे, हे दुसरीला कळवायचं राहून गेलं.

यादीत अजून एक खाचखळगा आहे. घटक जास्तीकडून कमीकडे लिहायचे असतात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक नंतर कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा असते. बाकुचिऑल त्या चाचणीत ०.५ टक्के होतं. म्हणजे सीरममध्ये ते ०.५ टक्के आहे की नावापुरता एक थेंब, हे क्रमावरून सांगता येत नाही. एक जुगाड आहे: फिनॉक्सीएथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह साधारण एक टक्क्यापर्यंतच घालतात. त्याच्या पुढे जे जे लिहिलंय ते एक टक्क्याच्या आतलं समजा. त्यामुळे ज्या कंपनीने टक्केवारी आकड्यात छापलीय तिला माझी पसंती. आणि बाकुचिऑल तेलात विरघळतं, पाण्यात नाही. तेव्हा पाण्यासारख्या पातळ टोनरवर 'बाकुची वॉटर' लिहिलेलं दिसलं तर त्याच्याकडून सुरकुत्यांची अपेक्षा ठेवू नका.

बाकीच्या बियांचं काय, असं मागच्या वेळी एकीने मेसेजमध्ये विचारलं होतं. द्राक्षबियांचा अर्क, रोझहिप, करंज. थोडक्यात सांगतो. द्राक्षाच्या बियांमध्ये प्रोअँथोसायनिडिन नावाची तगडी अँटिऑक्सिडंट्स आहेत, परीक्षानळीत ती झकास कामगिरी करतात. पण परीक्षानळीला सुरकुत्या नसतात. त्वचेच्या वरच्या थरातून आत किती जातं आणि तिथे किती टिकतं, हा खरा प्रश्न, आणि माणसांच्या चेहऱ्यावरचा पुरावा तुटपुंजा आहे. रोझहिपचं तेल मॉइश्चरायझर म्हणून छान. करंजाचं तेल आपल्याकडे दिव्यात आणि शेतीत जात होतं, आता त्याच्या बियांतले काही रेणू सनस्क्रीनवाल्यांना खुणावतायत. पण घरचं करंजतेल फासून उन्हात जाऊ नका. एका घरात एक प्रयोग पुरे.

सनस्क्रीनचं नाव निघालंच आहे तर एक फोटो शोधून बघा. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. एक ६९ वर्षांचे अमेरिकन गृहस्थ, २८ वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवलेले. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून खिडकीचं ऊन कायम डाव्या गालावर. त्यांचा उजवा गाल वयाला शोभेल असा, आणि डावा गाल जाड, लोंबलेला, खोल खोल सुरकुत्यांचा. एकाच माणसाचे दोन गाल. माणूस तोच, वय तेच, जेवण तेच, फक्त ऊन वेगळं. यूव्हीए काचेतून आत येतं, ढगातूनही येतं. आपल्या ट्रकवाल्यांचा, कॅबवाल्यांचा उजवा गाल एकदा बारकाईने बघा.

तेव्हा सुरकुत्यांसाठी चारशे रुपये असतील तर पहिले सनस्क्रीनवर घाला. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो. यूव्हीएसाठी पीए लिहिलेलं बघायचं, त्यापुढे अधिकच्या खुणा जितक्या जास्त तितकं बरं. दोन बोटांवर लांब रेघा ओढून जेवढं येईल तेवढं चेहरा-मानेला. बाहेर असाल तर दोन तासांनी परत. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. रील होत नाही याची.

आई लग्नात गेली. गालावर पट्टा तसाच. मामीने मेकअपवालीला आईकडे पाठवलं, पण आईने नको म्हणून सांगितलं, फोडांची जागा अजून नाजूक होती. प्रत्येक पाहुणा विचारायचा, "काय झालं हो?" आणि ती म्हणायची, "काही नाही, कुरडया करताना भाजलं." एकदाही माझं नाव घेतलं नाही. मला ते ऐकून जास्त वाईट वाटलं. परत येताना गाडीत मी म्हणालो, "आई, सॉरी गं." तर म्हणे, "अरे, तू दिलंस म्हणून मी वाचलंच नाही त्यावर काय लिहिलंय." डाग जायला दिवाळी उजाडली. मी त्या साइटवर एक स्टार देऊन सगळं लिहिलं. उत्तर आलं, 'नैसर्गिक उत्पादनाचा परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतो.' सूर्याचा उल्लेख नव्हता. बाटली अजूनही विकली जातेय.

या वर्षी आई कुरडया करायला सकाळी सातलाच गच्चीवर गेली, डोक्यावरून ओढणी, तोंडाला दोन बोटं सनस्क्रीन. मला फोटो पाठवला, "पांढरं भूत" असं खाली लिहून. आणि रविवार पेठेतल्या त्या पुडीतल्या उरलेल्या बिया मी फेकणार होतो तर तिने मागून घेतल्या. कुंडीत लावल्यात. शाळेतल्या मुलांना झाड दाखवायचं म्हणते, हात न लावता. दोन रोपं आलीयेत.

तुमच्या घरात कपाटात अशी एखादी 'शुद्ध नैसर्गिक' बाटली असेल तर मागच्या यादीचा फोटो मला पाठवा. निवडक लेबलं घेऊन पुढच्या रविवारी एक छोटा एपिसोड करतोय. आईपण येणार आहे म्हणाली, बघू.